शेळीची भाषा

तीर्थरूप मामा, दंडवत.

सोनईच्या दुकानात मी कापडी शेळी आणि तिच्या गावरान बोलीतल्या गोष्टीचं पुस्तक अशी जोडी विकायला काढली, तेव्हा तुम्ही मास्तरकीच्या तोऱ्यात म्हणालात, "पुस्तकात 'नाही' लिहितात, 'न्हाई' नव्हे!"

तरी एक जोडी तुमच्या नातीसाठी ठेवून आलो. आई पुण्याला नोकरीला गेल्यापासून निकिता झोपत नव्हती.

काल रात्री माझा फोन उचलून तुम्ही तो चालूच बाजूला ठेवलात. माझे कान तिखट, तुम्ही निकिताला पुस्तक वाचून दाखवत होतात.

"शेळी म्हणाली, मी झोपणार नाही."

"आबा, शेळी असं बोलत न्हाई!"

मग तुमचा खणखणीत आवाज: "न्हाई झोपणार! लई खेळायचं हाय!"

पोरगी खुदकन हसली आणि पान उलटायच्या आत घोरायला लागली.

मामा, जिंकलो! पण पत्र टाकत नाही. वाचलंत तर लाजून पुन्हा शुद्ध बोलाल, आणि निकिता जागीच राहील.

तुमचा भाचा,
कानिफनाथ