खंडेनवमीच्या आदल्या सांजेला मिटलेलं इंजिन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खरं माहीत असून गप्प बसणं हा सूड, की भित्रेपणा? मला ठरवता येत नाही.

मला गॅरेजमधून काढून टाकल्याला आठवडा झाला. भाऊने, म्हणजे मालकाने, सगळ्यांसमोर नंदाकाकांना सांगितलं, "आमच्या चेडवान बांधल्यान इंजिन. शिकता हा अजून." चेडू, म्हणजे मुलगी, ती मी. काका बोटीवरच्या नोकरीतून रिटायर झालेले. दोन सिलिंडरची ती टूरिंगची मोटरसायकल म्हणजे त्यांचा जीव. कन्याकुमारीला निघाले होते, कारवारहून परतले. हँडल थरथरून बोटं बधिर, आरशात सगळं धूसर. माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खरं तर बांधलं भाऊने. खंडेनवमीच्या आदल्या सांजेला. हत्यारं धुऊन पूजेला मांडायची, मग दसऱ्यापर्यंत पान्याला हात लावायचा नाही, म्हणून घाई. बॅलन्सरचा दांडा नव्या बेअरिंगवर बसवला. दोन पिस्टनचे धक्के जिरवायला तो उलटा फिरतो. त्याच्या दातेरी चाकावरचा ठिपका क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, ठिपक्यासमोर यायलाच हवा. मी म्हटलं, भाऊ, एक दात पुढे वाटतोय.

"डिग्री घराक टांग गो. हत्यारां मांडूची आसत."

झाकण त्यानेच लावलं. मला उदबत्ती लावायला सांगितली.

१६ ऑक्टोबर

मासळीबाजारात आईला एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "तुझ्या चेडवान गाडी मोडल्यान मां? शिकवन काय फायदो झालो?" आईने बांगडे तोलून दिले.

घरी जेवताना म्हणाली, "खरा काय ता माका सांग." सांगितलं.

"मगे सोडू नको त्येका."

बाबा जाळं विणता विणता, "आमका गावात ऱ्हवचां आसा."

मी म्हटलं, "मगे मी खंय गाव सोडतंय?"

घरात पहिली पदवी माझी. आईने ती दारासमोरच्या भिंतीवर लावली आहे, आल्या-गेल्याला दिसेल अशी. आता आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

१९ ऑक्टोबर, रविवार

गाडी परत भाऊकडे. मी समोरच्या टपरीवर बसून पाहिलं. हँडलच्या टोकांना जड वजनं लावली. मग मुठींवर जाड रबर. मग चाकं तपासली. दर वेळी भाऊ चक्कर मारून येतो आणि उतरल्यावर पँटवर हात चोळतो. इंजिन आतून हादरतंय आणि हा मुठी गुबगुबीत करतोय. चहा गोड लागला. दुसरा घेतला.

मला बघून म्हणाला, "कित्याक इलंस? परत ठेवूचंय नाय तुका."

"चाय पिऊक इलंय, भाऊ."

शेवटी काकांना ऐकवलं, दोन सिलिंडरच्या गाड्या अशाच थरथरतात, जोरात चालवू नका.

खोटं. बेअरिंग आवाज करायला लागायच्या आधी मीच ती चिवल्याच्या रस्त्याला चालवून पाहिली होती. आरशात मागच्या माडाची झावळी न् झावळी दिसायची. चांगल्या यंत्राची बदनामी. माझी केली त्यापेक्षा ही जास्त लागली. का ते मलाच कळत नाही.

२३ ऑक्टोबर

काकांकडे गेले. ते कप दोन्ही हातांनी धरतात.

"बोटां अजून जागी झाली नाय," म्हणाले. तरी त्याच गाडीवर कामासाठी ओरोसला जाऊन आले होते.

सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मगे तेवा कित्याक बोलूक नाय?"

"बोललंय. भाऊक."

"गाडी भाऊची काय माझी?"

मी टपरीवर भाऊची फजिती बघत होते, आणि थरथर काकांच्या हातात जात होती. पण राग कमी झाला नाही. उलट माझा हा दोषही भाऊच्याच खात्यावर टाकला.

उघडून बघू का, विचारलं. म्हणाले, "बघ. पण सोमवारी परत कन्याकुमारीक निघूचां आसा. बरोबर येवचे दोस्त थांबूचे नाय."

२५ ऑक्टोबर, शनिवार

काकांच्या अंगणात, माडाखाली. तेल काढलं, क्लचकडचं झाकण उतरवलं, क्रँक हाताने फिरवला. ठिपके एकमेकांना चुकवून उभे. एक दात. फोटो काढले.

काका वाकून बघत राहिले. "इतक्याशान?"

"इतक्याशान."

"मगे बसव बरोबर. बघतंस काय?"

पाना हातात होता. बसवणं मला येतं. पण बसवलं की गाडी लोण्यासारखी चालणार, आणि सोमवारी सगळे म्हणणार, भाऊने शेवटी दुरुस्त केली हो. बाजारातल्या त्या बाईचं वाक्य आईच्या डोक्यात तसंच राहणार.

पाना खाली ठेवला. भाऊला फोटो पाठवला आणि लिहिलं: ठिपके बघायला या. दात तुम्ही फिरवायचा, तुमच्या हाताने. कोणी बांधलं होतं ते इथे सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. तोवर मी झाकण लावणार नाही. आईला फोन केला, बाजार आटोपून इकडेच ये, त्या बाईला घेऊन.

काका पायरीवर बसून बोटं चोळत होते. "आणि तो इलो नाय तर? सोमवार माझो जाता, त्येचो नाय."

मी हत्यारं धुतली, पुसली आणि फडक्यावर ओळीने मांडली, पूजेला मांडतात तशी. भाऊने फोटो पाहिलाय. उत्तर नाही. इंजिन उघडं आहे.