दाखल्यावरची जात

राणीसावरगाव,
ता. ५ जून १९५५

चि. अंगद यास येडबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. मास्तरकीच्या ट्रेनिंगला मागास जातींची राखीव जागा हाय, पण तुझ्या दाखल्यावर मराठा लिहिलंय, हे वाचून ताट बाजूला सारलं. चूक माझीच. गंगाखेडच्या शाळेत घातलं तवा पोरं तुला मेंढका म्हणून चिडवतील, या भेवानं मी मराठा सांगून मोकळा झालो. आपण हटकर, मेंढरं राखणारे धनगर, हे गावाला ठाऊक. तिथं कोणाला ठाऊक नव्हतं.

तहसिलीतला कारकून म्हणाला, पाटलाचा जबाब आणा. आबासाहेब पाटील म्हणाले, येडबा, तवा वर चढलास, आता खाली उतरायलास. नोकरी लागल्यावर पुन्हा चढशील का? चावडीवर सगळ्यांसमोर खोटं बोललो म्हण, मग सही करतो. म्हणालो. लय हसले लोक. नवा दाखला सोबत पाठवलाय, भिजवू नकोस.

तुझी आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी न्हाई, म्हणून लांबलं. वेळेवर जेव, एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

येडबा

औरंगाबाद,
ता. २ जुलै १९५५

तीर्थरूप बाबांस अंगदचा शि. सा. न. जागा मिळाली. यादी फळ्यावर लागली, नावापुढे जात लिहून.

माझ्या खोलीतल्या बोरीच्या व्यंकटरावाला माझ्यापेक्षा बारा गुण जास्त, तरी त्याची जागा हुकली. तो म्हणाला, वर्षभर माझ्या डब्यात जेवलास तेव्हा मराठा होतास, जागेपुरता हटकर झालास. मी म्हणालो, तुला शिकवायला घरी मास्तर यायचे. माझे वडील मेंढरांमागे फिरत अक्षरं शिकले. तो म्हणाला, ते खरं असेल, पण मला का फसवलंस? बाबा, वर्षभर गप्प मीच होतो.

काल तो वळकटी बांधून गेला. खोलीत आता एकटाच आहे. प्रकृतीस जपावे, ही विनंती.

अंगद

राणीसावरगाव,
ता. ९ जुलै १९५५

चि. अंगद यास आशीर्वाद. जागा मिळाली म्हणून शेजारच्या कासाबाईला गूळ दिला. ती म्हणाली, आता तरी काळजी सोडा. कशी सोडू? व्यंकटरावाला लिहायला बसलो होतो, की पहिलं खोटं माझं हाय. दोन ओळी लिहून फाडल्या.

तू एकटा हायेस, तर चार दिवस येऊ का? मेंढरं कासाबाई बघते म्हणाली. एवढंच कळव. माझ्या खांद्यावर घोंगडी असती. बघितल्याबरोबर माणूस ओळखतो कोण ते. ती घेऊन येऊ, का घरी ठेवून येऊ? तू म्हणशील तसं.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारा,
येडबा