आईच्या फोटोवरची बुरशी

२ फेब्रु.
ढोलीत, धानाच्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून आईचा फोटो काढला. धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या लग्नात स्टेजवर बुद्ध-बाबासाहेबांच्या बाजूला ठेवायचा, तिचा हट्ट. प्लॅस्टिक उघडलं तर आत सगळं पांढरं-हिरवं. चेहराच दिसेना. एकच फोटो आहे गं बाई! मोबाइलवर एकदा त्याचा फोटो काढून ठेवला होता, तो मोबाइल कधीचा बाद झाला.

वाळवीच्या भीतीनं मीच तो नव्या धानात पुरला. आमच्याकडं पाटल्या, सातबारा, सारं ढोलीतच जपतात. पण यंदा मळणीत पाऊस झाला, धानाला अजून दोन उन्हं हवी होती. मला शाळेची घाई. भरून टाकलं. आणि म्हणे मास्तरीण!

३ फेब्रु.
गडचिरोली. स्टुडिओवाल्या भाऊंनी भिंग लावलं. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं, मिल्ड्यू. पुढं प्रश्नचिन्ह.
"बाई, मिल्ड्यू असन तं वरच्यावर असते, पुसून निंगते. आत खाल्लं असन तं मंग रॉट. त्याले इलाज नाई."
फोटो ठेवून आले. गाडीत रडू आवरेना.

४ फेब्रु.
सहावीला इंग्रजी मीच शिकवते. तरी शब्दकोश काढला. मिल्ड्यू: ओल धरलेल्या कापडावर, कागदावर, पानांवर येणारा बुरशीचा पातळ थर. रॉट: ती वस्तूच सडणं. आपण दोन्हींना 'बुरशी लागली' म्हणतो आणि मोकळे. पोरांनाही मी एका दमात सांगून पुढं गेले असते.
दिवसभर तोंडात तोच एक शब्द. मिल्ड्यूच असू दे.

७ फेब्रु.
छोटीचा फोन. चंद्रपूरला नर्स आहे ती. "फ्रेम लाकडाची घेजो व ताई, स्टीलची नोको." हो म्हटलं. खोटारडी मी.

११ फेब्रु.
पुन्हा स्टुडिओत. पुसल्यावर पदर निघाला. बांगड्या निघाल्या. मांडीवरची मीही निघाले, टकुचं-बिकुचं घातलेली. चेहऱ्यावर मात्र रॉट. भाऊ खाली बघून बोलत होते.
"कॉम्प्युटरवर नवा बनवून देतो, बाई. नाक-डोळे कसे होते, तेवढं सांगा."
सांगते म्हटलं आणि उठले.

१२ फेब्रु.
छोटीला सगळं सांगितलं. ढोली, ओलं धान, माझी घाई.
"काऊन ठेवला व धानात?" खूप रडली. मी पण.
मग म्हणाली, "भाऊले सांग ना मंग, आई कशी होती. तू तं पायलं हाये तिले. म्या तं पायलंच नाई."
आई हिच्याच बाळंतपणात गेली. मी चार वर्षांची. सांगणारे बाबाही आता नाहीत. पण हिला कसं सांगू, की डोळे मिटले की मला फोटोच दिसायचा, आई कधी दिसलीच नाही, आणि आता तो फोटोही पांढरा-हिरवाच दिसतो...

उद्या छोटी सकाळच्या एसटीनं येतेय. मला घेऊन स्टुडिओत जाणार म्हणते.