पत्रा की स्प्रिंग

अण्णा, ती पिवळी गाडी परत आली आहे. आपल्या पिंपळे गुरवच्या गॅरेजात नाही, तिथं आता इमारत उभी आहे; मी चाकणच्या बाजूला शेड घेतली आहे, तिथं. पुनावळ्याच्या एका तरुणाने ती विकत घेतली आणि मंगळवारी सकाळी टेम्पोवर चढवून आणली. रंग उडालाय, दार ओढल्याशिवाय उघडत नाही. पण जमिनीला पोट टेकल्यासारखी बसायची तिची ढब मी लांबूनच ओळखली, आणि तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

त्या तरुणाला सगळं माहीत होतं. ही दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार एका बाप-लेकीने खोलून नव्याने बांधली, विमानांच्या धावपट्टीवर तिने वेगाचा विक्रम केला, आणि मग श्रेयावरून दोघांचं बिनसलं, हेसुद्धा. इंजिनाबद्दल आपलं भांडण कधीच नव्हतं. वेग वाढला की गाडीचं नाक उचललं जायचं, स्टिअरिंग हातात मोकळं पडायचं, तिथं घोडं अडलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या स्प्रिंगा आखूड करून तिला खाली बसवू. मी म्हणाले, पोटाखाली सपाट पत्रा लावू, म्हणजे हवा अडकणार नाही. धावपट्टी एकाच सकाळपुरती मिळणार होती, एकेक करून बघायला वेळ नव्हता. म्हणून दोन्ही केलं. गाडी सरळ गेली. ती चालवणारा तिचा तेव्हाचा मालक हसत हसत उतरला. वार्ताहराने कारण विचारलं, तर मी काही बोलायच्या आत तुम्ही सांगून मोकळे, ‘स्प्रिंगा कापल्या म्हणून गेली.’ पेपरात तुमचा फोटो आला. मी फक्त ‘मुलीच्या मदतीने’ एवढीच.

त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई भाकरी थापतेय, मी ताट पुढं सारते. ‘मदत? पत्रा कुणी लावला?’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘तूच लावलास की. नाही कोण म्हणायलंय? पण गाडी स्प्रिंगांनी गेली.’ ‘पत्र्यानं गेली, अण्णा.’ आई तव्यावरून ओरडते, ‘आधी जेवा दोघं, मग भांडा. गार व्हायलंय सगळं.’ मी जेवले नाही. पुढं कितीतरी दिवस तुमच्याशी बोललेही नाही. मग एका दुपारी तुम्ही भोसरीहून पत्रा कापायची नवी कात्री आणून माझ्यासमोर ठेवलीत. ‘हात चांगलाय तुझा,’ म्हणालात. मला भरून आलं. आणि दारातून मागं वळून तुम्ही म्हणालात, ‘पण गेली स्प्रिंगांनीच.’

आई गेल्यावर घरात आपण दोघंच उरलो. काय बोलावं ते कुणालाच सुचायचं नाही. मग कुणीतरी एकजण गाडीचं काढायचं, आवाज चढायचे, आणि घर पुन्हा भरल्यासारखं वाटायचं. शेवटी दवाखान्यात तुमचा श्वास पुरत नव्हता, तरी नर्सला तुम्ही सांगत होतात, ‘ही माझी पोरगी. हट्टी हाय. पत्रा म्हणती.’

तो तरुण म्हणाला, ‘ताई, टेस्ट ट्रॅकवर एक दिवस मिळतोय. एकदा पत्रा काढून पळवू, एकदा मूळ स्प्रिंगा टाकून. व्हिडिओ करतो. कुणाचं खरं, एकदाचं कळून जाईल.’ मी गाडीखाली शिरले. माझा पत्रा तसाच होता, तुमच्या कापलेल्या स्प्रिंगाही. पान्याने एक बोल्ट फिरवून पाहिला. सहज सुटला. मी तो परत आवळला आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘गंजलेत सगळे. जोर लावला तर तुटतील.’

‘मग व्हिडिओत श्रेय कुणाला देऊ?’

‘सांग, अजून ठरलेलं नाही.’

तो हिरमुसला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द फिरवला नाही. हे कळून गेलं असतं, तर मग आपल्यात बोलायला काय राहिलं असतं?

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, हा प्रश्नच नाही. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. हल्ली कुणी ही हकीकत विचारली की तुमची बाजूही मलाच मांडावी लागते, दुसरं कोण मांडणार? मी ती मन लावून मांडते, तुमच्यासारखीच मान खाली घालून. परवा मांडता मांडता मला ती पटली, अण्णा. मी हरले, आणि समोर गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं.