गेरू-चुन्याचे पट्टे

लातूर, ८ मार्च १९८७

ति. दादास,
पंचशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इकडे टँकर एक दिवसाआड येतो. शाळेतून आले की माझी संध्याकाळ घागरींच्या रांगेत जाते. फार कंटाळले आहे.

आईला मुखेडला पाठव, असं तू पुन्हा लिहिलंस, मी पुन्हा विचारलं. दारातला कडुलिंब सोडून ती येत नाही. तिच्या वाट्याच्या पाण्यातला तांब्याभर अजून त्यालाच जातो. बहात्तरच्या दुष्काळात ती समोरच्या रस्त्यावर मुरुमाच्या पाट्या वाहत होती. तेव्हा मुकादम शिवप्पानं दोन्ही कडेला लावायला रोपं आणली, त्यातलं उरलेलं एक तिनं अंगणात लावलं. तिला वाटतं, तो सगळा रस्ताच तिनं वाढवलाय.

तेव्हा त्याला दुष्काळी रस्ता म्हणायचे. लातूर जिल्हा झाला, पुढे साहेबांचे बंगले झाले, आणि आता त्यावर ‘उद्यान मार्ग’ अशी पाटी आहे. संध्याकाळी कॅनव्हासचे बूट घालून माणसं सावलीतून नुसती चालत असतात. आई दारात बसून विचारते, यांना जायचंय तरी कुठं.

आता रस्ता रुंद होणार अशी बोलवा आहे. झाड जाईल म्हणून आईचा जीव थाऱ्यावर नाही. तू बांधकाम खात्यात मैलकुली, रस्त्यांची निगा राखणारा, तुला ठाऊक असेल. लिही.

लोभ आहेच, या उन्हात तो वाळू देऊ नकोस.
तुझी, पंचशीला

मुखेड, १८ मार्च १९८७

चि. पंचशीला हीस,
दादाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

मार्चअखेर आली, म्हणून आमच्या साहेबांना रस्त्याची सगळी झाडं गेरू-चुन्यानं नटवून हवीत. ऐन उन्हात बादली घेऊन झाडामागून झाड रंगवून राहिलो. माणसाला प्यायला पाणी नाही आणि चुना कालवायला आहे. रात्री हात उचलत नाही.

आईला सांग, घाबरू नको. झाड आपल्या अंगणात आहे, ते आपलं. आपल्या हद्दीत शिरायचं तर आधी नोटीस येते. एवढं सांगूनही तिला भ्या वाटत असेल तर मीच येऊन झाडाला पट्टे मारतो. पट्ट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नाही, म्हणावं!

तिला इकडे यायला राजी कर. तिच्यावाचून घर रिकामं वाटतं, हे तिला सांगितलंस तरी चालेल.

माया आहे ती राहू द्यावी.
तुझा, साहेबराव

लातूर, २ एप्रिल १९८७

ति. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि तुझी चेष्टा तिनं खरी मानली. शेजारचे खाजामियाँ घरं रंगवतात, त्यांच्याकडून चुना आणला. कमरुन्निसा भाभींनी गेरू कालवून दिला. मी शाळेतून येते तर झाडाला खाली गेरू, मध्ये चुना, वर पुन्हा गेरू. पट्टे तुझ्यापेक्षा सरळ आलेत, वाईट वाटून घेऊ नकोस.

रस्ता रुंद करायचं नक्की झालंय. पण आई आता निवांत झोपते. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. तिला बघून मलाही हलकं वाटलं.

वहिनींना नमस्कार. आम्हांवर लोभ असतोच, तो पत्रातून कळू दे.
तुझी, पंचशीला

मुखेड, ८ एप्रिल १९८७

चि. पंचशीला हीस आशीर्वाद.

हे पत्र मिळताच ते पट्टे घालव. धुवायला पाणी नसेल तर शेणानं सारवून टाक. पट्टा म्हणजे सरकारचं झाड. रुंदीकरणात तोडणारे पट्टा बघून कुऱ्हाड घालतात, हद्द कुणी बघत बसत नाही. तुझं पत्र घरी पडून होतं, मी आठवडाभर कामावर बाहेर होतो. आजच वाचलं. उशीर करू नकोस, बाई.

साहेबराव

लातूर, १६ एप्रिल १९८७

ति. दादास,
जयभीम.

तुझं पत्र काल आलं. झाड सोमवारीच पडलं.

मी शाळेत होते. भाभींनी सांगितलं ते लिहिते. तोडणारे समोरची झाडं पाडून आपल्या दारी आले, तेव्हा आईनं त्यांना बसवून माठातलं पाणी पाजलं. ते पुढे जाणार असंच तिला वाटत होतं. पाणी पिऊन एक जण उठला आणि म्हणाला, मावशी, बाजूला व्हा, ह्ये सरकारी हाय. आईनं पट्ट्यांकडे बघितलं आणि बाजूला झाली. एका शब्दानं भांडली नाही, दादा. भांडायला ती किती पुढे असते, तुला माहीत आहे.

तुझा फार राग आला होता. आज नाही. आज नुसती थकले आहे.

रस्त्यावर आता बंगल्यांपर्यंत एक सावली नाही. बुटांची माणसं यायची थांबली. दुपारी ऊन थेट चुलीपर्यंत येतं. काल टँकर आला, आई रांगेत गेलीच नाही. दादाला काय लिहू, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ये म्हण. मला आता कुठंबी चालतंय.”

हे ऐकायला तू किती वर्षं तळमळत होतास. ये आणि तिला घेऊन जा. पण तिच्यासमोर आनंद दाखवू नकोस.

तुझी,
पंचशीला