झोपाळ्याखालचे पाहुणे

प्रिय ठमे,

तुझा मसुदा मिळाला. दुपारभर खिडकीशी बसून वाचला. मध्येच डुलकी लागली, तर तू चार वर्षांची, झोपाळ्यावर, आणि तुझे पाय थेट ढगात. जाग आली तेव्हा कागद मांडीवरच होते. ‘विषारी वायूंचे साठे नष्ट करण्यासाठी शिफारशी’. अगं बाई, केवढं भारदस्त नाव! शेजारच्या मास्तरीणबाईंना नुसतं वरचं पान दाखवलं, तर म्हणाल्या, पोरीनं नाव काढलं. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

पण तिसऱ्या शिफारशीपाशी अडले. कारखान्याच्या नोंदवहीत जितकी पिंपं, तितकी मोजून नष्ट करायची, असं तू लिहिलंयस. ठमे, मी कामाला होते त्या भरणी खात्यात वहीबाहेरची पिंपंही असायची. महिनाअखेरीला एखादं गळकं निघालं की साहेब आकाशपाताळ एक करायचे, म्हणून आम्ही बायका दर महिन्याला एखाददुसरं जास्तीचं भरून ठेवायचो. त्यांना आम्ही ‘पाहुणे’ म्हणायचो. घरी चार घास जास्तीचे रांधतो ना, तसंच वाटायचं बघ. आत काय आहे याचा विचार करायचा नाही, हे सगळ्यांनी न बोलताच ठरवलेलं. मग एकदा तपासणी येणार म्हणून मुकादमानं अकरा पाहुणे एका दुपारात कारखान्याच्या पाळणाघरामागे पुरायला लावले. वर माती, मातीवर हिरवळ, आणि कुणाला शंका नको म्हणून झोपाळा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी धावलीस ती तूच. आणि मी तुला झोका दिला. नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. परवा बसमधून तिथून गेले. आता घसरगुंडी आहे, पोरं खेळत होती. माझी उतरायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या पानावरचं एक कलम तू खोडलंयस, पण पेन्सिलीनं, वाचता येतं: स्वतःहून सांगणाऱ्या कामगाराला शिक्षा नाही. आईसाठी घातलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून खोडलंस ना? वेडाबाई, ते परत घाल. कितीतरी म्हाताऱ्या तोंडाला कुलूप लावून बसल्यात. शिक्षेच्या भीतीनं त्या सगळं सोबत घेऊनच जातील. मला हवं तर त्या माफीतून वगळ. मग तुझ्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप आहे! या पत्राच्या मागच्या बाजूला जागेचा नकाशा काढलाय, पाळणाघराच्या पायरीपासून तेव्हाची पावलं आठवून, खाली माझी पूर्ण सही. आजच्या आज ते मैदान बंद करायला लाव. आणि गुरुवारी मसुदा तुमच्या समितीपुढे ठेवशील तेव्हा हे पत्र त्याला जोड. वरचं ‘ठमे’ तेवढं खोडून टाक, चारचौघांत बरं दिसत नाही.

तुझीच,
झोका देणारी आई