गीझर मीच दुरुस्त करणार

सोमवार, ६ जानेवारी
गीझर बंद. बायको शनिवारी भावाकडे गेली आणि लगेच यालाही सुट्टी हवी झाली. योगायोग. काल रविवार, अंघोळ नव्हतीच, त्यामुळे आज कळलं. थंड पाण्याने अंघोळ केली. म्हणजे हातपाय, तोंड.
शेजारचे म्हणाले, इलेक्ट्रिशियन बोलवा. म्हटलं, कशाला? एलिमेंट गेलं असेल. चुटकीसरशी बदलतो. ती येईपर्यंत वाफाळतं पाणी तयार. बॅग मोठी नेली आहे, पण तिला पहिल्यापासून जास्त कपडे न्यायची सवय.

बुधवार, ८ जानेवारी
व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गप्पा मारत मारत एलिमेंट बदलतो. सावधगिरी म्हणून अख्ख्या घराचा मेन स्विच बंद केला. (फ्रीजमधलं दूध नासलं.) नट ढिले केले. आधी टाकी रिकामी करायची असते, हे व्हिडिओत बरंच नंतर येतं.
खालच्या मजल्यावरचे वर आले. त्यांच्या छतातून पाणी ठिबकतंय म्हणे. मी नखशिखान्त भिजलेला, आणि ते विचारतात, वहिनी कुठे? आरामाला गेल्यात, म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही.

शुक्रवार, १० जानेवारी
जुनं एलिमेंट निघालं. वर पांढऱ्या क्षारांचं पुट, मधोमध तडकलेलं. नवं आणलं, बसेना. भोकंच जुळत नाहीत. दुकानदार म्हणाला होता, जुनं सोबत आणा. पण माप माझ्या डोळ्यांत होतं.
लेकीचा फोन. आईशी बोललात का? म्हटलं, हे काम उरकलं की करतो. ती म्हणाली, "बाबा, आई आता यायची नाही."
मी म्हटलं, बरोबरच आहे, या थंडीत गार पाण्याचे हाल कशाला? गीझर होऊ दे. तिचा आवाज चिरकत होता. हल्ली नेटवर्क फार खराब.

रविवार, १२ जानेवारी
जमलं. योग्य मापाचं एलिमेंट, नवा वॉशर. लाल दिवा लागला आणि थोड्या वेळाने नळातून वाफ. तडक फोन लावला. मेव्हण्याने उचलला, जरा घुटमळला, मग तिला दिला.
टाकी, नट, वॉशर, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तो गीझर गेल्या हिवाळ्यातच गेलाय. मी रोज गॅसवर पाणी तापवून तुमची बादली भरत होते."
मला सांगायचं नाही का, म्हटलं.
"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू."
कधी येतेस, विचारलं. तिथल्या शाळेत काम धरलंय. वरची खोली भावाने दिली आहे. उरलेले कपडे लेकीजवळ द्या, म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत घातली असती.

सोमवार, १३ जानेवारी
बादलीभर कढत पाणी काढलं. हात घातला, पोळला. थंड ओतलं, फारच गार झालं. पुन्हा गरम सोडलं, पुन्हा पोळलं.
विसण किती घालायचं ते मला ठाऊक नाही.
बाजूला स्टुलावर बसलोय. पाणी आपसूक निवेल.